हाड म्हटलं की यायचा

शालूबाई चौगुले जर्मनीला जाऊन आल्या होत्या, आणि गडमुडशिंगीत हे कुणाला विसरू द्यायची त्यांची तयारी नव्हती. डेअरीत दुधाची किटली ठेवताना, लग्नाच्या मांडवात, अगदी कुणाच्या दहाव्याला गेल्या तरी बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं. "आमच्या जर्मनीत" असं त्या म्हणायच्या. तीन महिने राहून आलेली बाई 'आमच्या' म्हणते याचं गावाला हसू यायचं. मला यायचं नाही. मी मूळची आजऱ्याची, इथल्या शाळेत बदली होऊन आलेली आणि त्यांच्या शेजारी भाड्यानं राहणारी. इतकी वर्षं काढूनही 'आमची मुडशिंगी' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, मग मी त्यांना काय हसणार.

त्यांचे यजमान हंबीरराव १९९९ साली गेले. एकुलता एक मुलगा विजयसिंह जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. वडिलांना अग्नी दिला चुलत्यानं, आणि हा पोचला दुसऱ्या दिवशी. त्याची टोचणी असावी, दोन वर्षांनी त्यानं आईला तिकडं बोलावून घेतलं. म्हशी दिरांच्या हवाली करून शालूबाई निघाल्या. नऊवारी लुगडं, वर मुलाचा जुना स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. मुंबईला विमानात बसेपर्यंत त्या रडत होत्या आणि विमानात बसल्यावर खिडकी मिळाली नाही म्हणून भांडल्या, असं त्यांनीच सांगितलं.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंसा? लोकांना वाटलं, राजवाडे, पूल, बर्फ असं काही तरी सांगतील. शालूबाईंनी सांगितलं ते कुत्र्यांच्या आश्रमाचं.

"बाई, तिथं बेवारशी कुत्र्यांस्नी खोल्या हायत," त्या मला सांगायच्या. हे मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. "येकेकाला येक खोली. अंथरूण, पाणी, खेळायला चेंडू. माझ्या म्हशीस्नी एवढी जागा न्हाय. मी इज्याला म्हटलो, आरं गावाकडं फुकट मिळत्यात, धा घेऊन ये. तर म्हणतोय, आई, तुला न्हाय कळायचं."

विजयसिंह आणि स्वप्नालीला तेव्हा मूल नव्हतं. दोघांनी कुत्रं आणायचं ठरवलं होतं आणि आईलाही बरोबर नेलं. आश्रमातल्या पिकल्या केसांच्या बाईनं त्यांची उलटतपासणी घेतली. घरी कोण असतं, कुत्रं किती वेळ एकटं राहील, बदली झाली तर काय करणार. नंतर म्हणे ती घर बघायलाही आली, जिन्यापासून मोरीपर्यंत. "स्वप्नालीच्या बापानं पोरगी देताना एवढं इचारलं न्हवतं," हे शालूबाईंचं ठरलेलं वाक्य, आणि ते त्या सुनेसमोरही म्हणायच्या.

स्वप्नालीचा जीव एका पांढऱ्या, कापसासारख्या कुत्रीवर जडला होता. तिघं खोल्यांसमोरून फिरत होते. शालूबाईंचे पाय भरून आले, तेव्हा त्या एका जाळीपाशी उकिडव्या बसल्या. आत एक वर्षाचं कुत्रं सगळ्यांकडे पाठ करून बसलेलं. तपकिरी-पांढरं, एक कान उभा, एक पडलेला. आई मेंढ्या राखणाऱ्या जातीची आणि बाप कोण ते देव जाणे. कुणी तरी त्याला पेट्रोल पंपावर बांधून गाडीनं निघून गेलं होतं, आणि त्याआधीही त्याची दोन घरं बदलून झालेली होती. ते उठलं, जवळ आलं, आणि शालूबाईंच्या गुडघ्याला जाळीतून पाठ टेकवून बसलं. लुगड्याला म्हशींचा वास असणार, परदेशातल्या मशिनीत कितीही धुतलं तरी. शालूबाईंनी जाळीतून बोटं घातली आणि त्याची पाठ खाजवली.

तेवढ्यात ती आश्रमवाली बाई मोठ्यानं ओरडली, "हार्डी!"

शालूबाई दचकून उभ्या राहिल्या. "मला वाटलं, त्येला हाकलतीया. मी म्हटलो, आगं बाई, हाड कशाला म्हणतीस, बसलंय गरीब बिचारं, बसू दे की. आन बगतो तर काय, त्ये शेपूट हलवत तिच्याकडं पळालं." विजयसिंह हसून हसून जाळी धरून उभा होता. मग त्यानं आईला समजावलं की ते हाकलणं नव्हे, हे त्याचं नाव आहे. तिकडं असं नाव माणसांचंही असतं.

शालूबाईंनी लगेच सुचवलं, नाव बदलू, मोत्या ठेवू. त्या बाईनं मान हलवली. म्हणाली, याची तीन घरं झाली आणि प्रत्येक घरानं नवं नाव ठेवलं. आता हे नको काढून घेऊ. तेवढं एकच याच्या मालकीचं आहे.

विजयसिंहानं हे मराठीत सांगितलं आणि शालूबाईंचा निर्णय झाला. "मग ह्योच घ्या," त्या म्हणाल्या. पांढरी कुत्री राहिली.

त्यानंतर महिनाभर त्या तिकडं होत्या. मुलगा-सून कामावर जायचे आणि ही दोघं घरात. शालूबाईंना जर्मन येत नव्हतं आणि हार्डीला मराठी, पण त्यांनी त्याला भाकरी खायला शिकवली. निघताना विमानतळावर त्या मुलापेक्षा कुत्र्यासाठी जास्त रडल्या. विजयसिंहाला ते थोडं लागलंही होतं.

खरी गोष्ट इथून पुढं. २००३ च्या दिवाळीत विजयसिंहची सिंगापूरला बदली झाली. स्वप्नालीला दिवस गेले होते. कंपनीचं घर वरच्या मजल्यावर, आणि त्यात कुत्रं चालत नव्हतं. आश्रमाच्या बाईला त्यानं शब्द दिला होता की सांभाळता आलं नाही तर तुमच्याकडेच परत आणून देईन, दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण त्या बाईसमोर जाऊन उभं राहायची त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं कुत्रं विमानात घातलं आणि आईकडे आणलं. मला याचा आजही राग येतो. परक्या बाईसमोर मान खाली घालण्यापेक्षा आईच्या गळ्यात घोंगडं टाकणं सोपं असतं. आईला विचारावंही लागत नाही. "वर्षभरात मोठं घर घेतो आणि नेतो त्याला," असं तो म्हणाला. तोवर आईनं त्याला धड ठेवायचं, एवढंच काम.

शालूबाईंना राग वगैरे काही आला नाही. जीप दारात थांबली, हार्डी खाली उतरला, दोन पावलं चालला आणि त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकवून उभा राहिला. त्या तिथंच रस्त्यात बसून रडल्या. गल्ली सगळी जमलेली, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती.

गल्ली जमली होती ती वेगळ्याच आशेनं. जर्मनीचं कुत्रं म्हणजे पोलिसाचं, चोर पकडणारं, अशी सगळ्यांची समजूत. डेअरीचे सेक्रेटरी गणपतराव चष्मा पुसत त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"ह्ये तर गावठी दिसतंय की."

"गावठीच हाय," शालूबाई म्हणाल्या. "पर जर्मनीचं."

"जर्मनीतबी गावठी असतंय व्हय?"

"असतंय की. तितं त्येला खोली देत्यात."

घोटाळा पहिल्याच दिवशी सुरू झाला. दुपारी कुणाच्या तरी दारात एक भटकं कुत्रं भाकरी पळवायला आलं. घरातली बाई ओरडली, "हाड, हाड." भटकं पळालं, आणि तीन घरं ओलांडून हार्डी शेपूट हलवत तिच्या चुलीपाशी हजर झाला. ती घाबरून आणखी मोठ्यानं हाड म्हणाली, तसा तो आणखी जवळ जाऊन बसला. शेवटी तिनं लाटणं उगारलं. हार्डीला लाटणं माहीत नव्हतं, त्यानं ते हुंगलं.

दिवसाला हा प्रकार दहादा व्हायचा. मुडशिंगीत कुत्री काय कमी होती? शाळेत शिपाई हाड म्हणाला की हा माझ्या वर्गाच्या दारात. पंगतीत वाढपी हाड म्हणाले की हा पानांच्या रांगेत. गल्लीत कुणीही ओरडलं की सगळी कुत्री एका दिशेला पळत आणि हा एकटा उलट्या दिशेनं धावत यायचा. त्याला बिचाऱ्याला वाटत असणार, काय माणसं आहेत, एका मिनिटाला मला विसरत नाहीत. पहिले काही महिने गावानं पोट धरून हसून घेतलं. माणसं मुद्दाम हाड म्हणून पाहुण्यांना दाखवायची. "बगा पावणं, आमचं जर्मन कुत्रं, हाड म्हटलं की येतंय."

त्याला चढ्या आवाजाचा अर्थ कळत नव्हता असं नाही. कुणी रागानं हाड म्हणालं की त्याचे कान मागे जायचे, शेपूट पायात जायची, पण पाय पुढंच यायचे. नावानं हाक मारली म्हणजे यायचं, एवढं त्याला शिकवलेलं. मार बसेल असं वाटत असतानाही तो यायचा. हे मी बघितलंय, आणि ते बघताना हसू येत नसे.

शालूबाईंनी उपाय केले. मोत्या म्हणून बघितलं, राजा म्हणून बघितलं, बाळा म्हणून बघितलं. हातात भाकरी धरून "मोत्या, मोत्या" करत त्या अंगणात उभ्या राहायच्या आणि तो कान वर न करता पाण्याच्या डोणीत बसून असायचा. इथलं ऊन त्याला सोसत नसे, म्हशींची डोण त्याचीच झाली होती. म्हशींनीही ते चालवून घेतलं. मी त्यांना म्हणाले, त्याला 'हार्डी' असा नीट उच्चार करून हाक मारा, म्हणजे फरक कळेल. त्यांनी प्रयत्न केला. पण त्यांच्या तोंडी ते 'हाडी'च यायचं, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग त्यांनी दुसरं टोक धरलं. त्यांनी स्वतः कुठल्याही कुत्र्याला हाड म्हणायचं सोडलं. गल्लीतल्या कुत्र्यांना हे कळायला आठवडाही लागला नाही. सगळी त्यांच्या अंगणात मुक्कामाला आली, म्हशींच्या पेंडीत तोंडं घालू लागली. शालूबाई टाळ्या वाजवून म्हणायच्या, "जावा बाबांनो, जावा आता घरला." ती कशाला जातात? घरच नव्हतं त्यांना.

विजयसिंहचा फोन दर रविवारी यायचा. आधी तो हार्डीची चौकशी करायचा, मग आईच्या गुडघ्यांची. त्याला मुलगी झाली होती. घराचं काम पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. शालूबाई "हाय, धडधाकट हाय" असं सांगून रिसीव्हर कुत्र्याच्या कानाला लावायच्या. फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? त्यो न्यायला न्हाय आला तर बरं. आता मला ह्येच्याबिगर करमत न्हाय." मग त्यांना आपल्याच बोलण्याची भीती वाटली असावी. "तसं न्हवं," त्या म्हणाल्या, "पोरानं यावं. कुत्र्याला न्हेऊ ने." त्यांचं सगळं घर त्या एका जनावरानं भरलेलं होतं, हे गावात मला एकटीलाच माहीत होतं.

२००५ च्या फेब्रुवारीत पिसाळलेलं कुत्रं आलं. कुठून आलं कुणाला माहीत नाही. आधी ओढ्यापलीकडं एक शेळी फाडली, मग जोतीरामची पोरगी शाळेतून येताना तिच्या पोटरीचा लचका तोडला. जोतीराम शालूबाईंच्या समोरच्या घरातला, ऊसतोडीच्या मुकादमाच्या हाताखाली काम करणारा, अबोल माणूस. पोरगी माझ्या वर्गात होती. तिला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. आई तिच्या उशाशी आणि जोतीराम दवाखाना ते गाव अशा खेपा घालत होता. त्याच्या डोळ्यांत झोप दिसत नव्हती.

गावात काठ्या निघाल्या. पोरं टोळ्या करून फिरायला लागली. मग गणपतरावांनी डेअरीच्या पायरीवर बसून सगळ्यांना खूण सांगितली. ती खूण तशी सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होती. शहाणं कुत्रं हाड म्हटलं की मागं सरतं. पिसाळलेलं हाड म्हटलं तरी अंगावर येतं.

शालूबाई तेव्हा किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या दूध न घालताच घरी आल्या आणि हार्डीला गोठ्यात साखळीनं बांधलं. त्याला सगळी इंजेक्शनं झालेली होती, पण ते काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. मग त्या घरोघर फिरल्या. मीही बरोबर गेले. "माझा बांधल्याला हाय," त्या सांगत होत्या. "पर सुटलाच, तर त्येला हाड म्हणू नगासा. गप उभं ऱ्हावा, त्यो जाईल निघून." लोकांनी मान डोलावली. जोतीरामही म्हणाला, "न्हाय म्हणत मावशी, आमच्या वळखीचाच हाय की." त्यांनी हार्डीच्या गळ्यात लाल चिंधी बांधली, लांबून ओळखू यावा म्हणून. आणखी काय करायचं राहिलं होतं, मला अजून सुचलेलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या धार काढत होत्या. मी शाळेला निघता निघता त्यांच्याशी बोलत गोठ्याच्या दारात उभी होते. ओढ्याच्या बाजूनं गलका उठला. कुत्रं सापडलं होतं आणि पोरांनी ते रस्त्यावर गाठलं होतं. वीस-पंचवीस माणसं एकदम ओरडत होती, "हाड, हाड, हाड."

हार्डी उठून उभा राहिला. इतक्या माणसांनी त्याला एकदम कधी बोलावलं नव्हतं. त्यानं साखळीला हिसका दिला. उन्हाळा लागणार म्हणून शालूबाईंनी आठवड्यापूर्वीच त्याच्या मानेवरचे केस कातरले होते आणि पट्टा सैल झाला होता, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डोकं पट्ट्यातून निघालं, चिंधी पट्ट्याबरोबर खाली पडली आणि तो माझ्या पायांमधून बाहेर गेला.

शालूबाई चरवी टाकून धावल्या. मी त्यांच्या मागे. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पिसाळलेलं कुत्रं शेजारच्या उसात घुसलेलं होतं आणि माणसं उसाकडे तोंड करून ओरडत होती. हार्डी रस्त्याच्या मधोमध, त्यांच्यापासून जरा अलीकडे पोचला होता.

"हाडी," शालूबाईंनी हाक मारली. "हाडी, ये हिकडं."

तो थांबला. वळून त्यानं त्यांच्याकडं बघितलं. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं, कुणी तरी किंचाळलं की इकडनं आलं, आणि सगळी माणसं वळली. आता सगळ्यांच्या तोंडून तेच निघत होतं. हार्डीनं शालूबाईंकडं बघितलं, मग माणसांकडं. शालूबाईंनी पुन्हा हाक मारली. तो एक पाऊल अलीकडं आला. तिकडून पंचवीस आवाज आले. तो पुन्हा तिकडं वळला.

"माझा हाय, मारू नगासा," असंही त्या ओरडल्या. मीही ओरडले. त्या गलक्यात आम्हालाच आमचं ऐकू येत नव्हतं. शालूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं आणि मग हातानं झाकून घेतलं. मला वाटलं, त्यांना धाप लागली. तसं नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलं होतं की त्या जी हाक मारतात तीसुद्धा त्या गलक्यातच भर घालते आहे. त्याला थांबवायला त्यांच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. त्या तशाच तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या.

हार्डी माणसांकडं गेला. कान मागे, शेपूट पायात, पण हळूहळू पुढं, तसाच. सगळ्यांत पुढं जोतीराम होता. पुढचं मी सांगत नाही.

खरं पिसाळलेलं कुत्रं शनिवारी उसात मरून पडलेलं सापडलं. हार्डीला गुरुवारीच गोठ्याच्या मागं पुरलं. खड्डा गणपतरावांनी माणसं लावून काढून दिला आणि स्वतः टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हातारा रडवेला झाला होता. गाव वाईट नव्हतं. वाईट असतं तर मला बरं झालं असतं, निदान चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्या संध्याकाळी जोतीराम आला. दारात उंबऱ्याबाहेर उभा. "मावशी, चिंधी न्हवती गळ्यात," तो म्हणाला. "तुमी सांगिटल्यालं माझ्या ध्यानात हुतं. हाड म्हणायचं न्हाय, म्हणायचं न्हाय, आसं मनात म्हणत हुतो. पर अंगावर आल्यावर तोंडातनं दुसरं काय येणार, सांगा की."

शालूबाईंनी त्याला आत घेतलं आणि चहा ठेवला. "पोरगीला बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "अजून दोन इंजेक्शनं हायत," तो म्हणाला. "चुकवू नगंस," त्या म्हणाल्या. त्यानं कप हातात धरला आणि तो गार होईपर्यंत तसाच बसून राहिला. माझ्या डोक्यात संताप होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. ओळीनं आठवून बघितलं, विजयसिंह, जोतीराम, ती आश्रमवाली बाई. एकावरही तो धड बसेना.

रविवारी फोनची वेळ झाली तशा शालूबाई मला बोलवायला आल्या. "बाई, तुमीच सांगा इज्याला. मला न्हाय जमायचं." घंटी वाजली. मी रिसीव्हर उचलला, नमस्कार वगैरे झाला, आणि विजयसिंहनं नेहमीसारखं विचारलं, "हार्डी काय म्हणतोय?" मी शालूबाईंकडं बघितलं. शालूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"इज्या, हाडी गेला रं," त्या म्हणाल्या.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. गेला म्हणजे काय, सुटला का, बांधलं नव्हतं का, एकामागून एक प्रश्न. मागं त्याची तान्ही मुलगी काही तरी बडबडत होती. "अगं, मग तू हाक नाही का मारलीस त्याला?" तो म्हणाला. "हाक मारली की येतो तो."

"मारली की," शालूबाई म्हणाल्या. "समदीच मारत हुती."

तिकडून तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे काय, आई?" शालूबाईंनी रिसीव्हर पुन्हा माझ्या हातात दिला आणि धारेची वेळ झाली म्हणून त्या गोठ्याकडे गेल्या. "म्हणजे काय?" असं तो मला विचारत राहिला.